अंगणात कोनफ्लॉवर जरूर लावा, पण त्याचा काढा करू नका

गेल्या वर्षी हिवाळ्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हातात पिशवी होती. पिशवीतून त्यांनी एक बाटली आणि मोबाईल काढला. मोबाईलवर अमेरिकेतल्या मुलीच्या बागेचा फोटो होता. गुलाबी-जांभळ्या, खाली झुकलेल्या पाकळ्या आणि मधोमध काटेरी, तांबूस शंकू.

"डॉक्टर, या फुलाला तिकडे कोनफ्लॉवर म्हणतात. या गोळ्या त्याच्याच. सर्दी-खोकल्यावर फार चांगल्या असतात म्हणे. आता रोपंच आणून अंगणात लावतोय. रोज दोन पानं काढ्यात टाकायची. तुम्ही हे रोप बाकीच्या पेशंटनाही सुचवा."

मी विचारलं, "गुरुजी, तुमचा स्वतःचा खोकला किती दिवसांचा आहे?"

"असेल महिना-सव्वा महिना. गोळ्या चालू आहेत ना."

तो खोकला क्षयाचा निघाला. सहा महिन्यांचा उपचार पूर्ण करून गुरुजी आज ठणठणीत आहेत. पण त्या फुलाच्या भरवशावर घरातली नातवंडं महिनाभर जास्त धोक्यात राहिली, हे मला विसरता येत नाही.

त्यानंतर हाच प्रश्न मला जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगाव अशा अनेक ठिकाणच्या रुग्णांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला. कुणाकडे कोनफ्लॉवर असतं, कुणाकडे गुळवेल, कुणाकडे कोरफड. म्हणून माझं मत एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

हे फूल नेमकं कोणतं?

कोनफ्लॉवरचं शास्त्रीय नाव इचिनेशिया. ग्रीक भाषेत अंगावर काटे असलेल्या प्राण्याला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडलं, कारण फुलाचा मधला शंकू हाताला टोचतो. मूळ उत्तर अमेरिकेतल्या गवताळ मैदानांचं. तिथले मूळ रहिवासी दातदुखी, घसादुखी, जखमा यांवर त्याचं मूळ वापरत असत.

कूळ मात्र आपल्या अगदी ओळखीचं आहे. झेंडू, शेवंती, ॲस्टर, सूर्यफूल आणि बाजारात ज्याला आपण गलांडा म्हणतो तो गॅलार्डिया, ही सगळी याचीच भावंडं. याच कुळातलं एक नकोसं भावंडही आपल्याला माहीत आहे, ते म्हणजे गाजरगवत. ते पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

आपल्याकडे ते जगेल का?

जगेल, पण लाड करावे लागतील. या झाडाला तीन गोष्टी लागतात: भरपूर ऊन, पाण्याचा निचरा आणि धीर.

ऊन दिवसातून किमान सहा तास हवं. आपल्याकडे त्याची कमतरता नाही. निचरा हा खरा प्रश्न. या झाडाचा आपल्याकडचा मोठा शत्रू उन्हाळ्यापेक्षा पावसाळा. काळ्या मातीत पाणी साचलं की मूळ आणि बुंधा कुजतो. भीमाशंकर किंवा नाणेघाटाच्या बाजूला, जिथे पाऊस धो-धो कोसळतो, तिथे ते जमिनीत लावूच नका. कुंडीत लावा आणि पावसाळ्यात कुंडी पडवीत घ्या. नारायणगाव, मंचरच्या पूर्वेला पाऊस कमी, तिथे उंच वाफ्यावर लावता येईल. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत असं मिश्रण पुरे. नत्राचं खत जास्त दिलंत तर झाड नुसतं उंच वाढून आडवं पडतं.

बी लावणार असाल तर ओल्या वाळूत मिसळून डबीत घाला आणि चार आठवडे फ्रीजमध्ये ठेवा. त्याला थंडी सोसून मग रुजायची सवय आहे. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरा. वर मातीचा अगदी पातळ थर द्या. रुजायला दोन-तीन आठवडे लागतात. दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा, म्हणजे हवा खेळती राहते आणि भुरी कमी येते. भुरी म्हणजे काय हे जुन्नरच्या द्राक्षवाल्यांना सांगायला नको.

आता धीराची गोष्ट. बियांपासून केलेलं रोप पहिल्या वर्षी बहुधा फक्त पानं दाखवतं. शिवाय त्याला फुलायला मोठे दिवस लागतात. शिकागोला जूनमध्ये दिवस सव्वापंधरा तासांचा होतो. आपल्याकडचा सगळ्यात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा. त्यामुळे फोटोत दिसतो तसा बहर इथे येईलच असं समजू नका. मुलीच्या बागेशी तुलना करून स्वतःला दोष देऊ नका. सुकलेली फुलं खुडत राहिलात तर नवी येण्याची शक्यता वाढते. शेवटची दोन-चार मात्र झाडावरच वाळू द्या, बी पाखरांना खाता येतं.

एवढे लाड जमणार नसतील तर गलांडा लावा. तोही मूळचा अमेरिकेचाच, पण आपल्या उन्हाला सरावलेला. फुलपाखरं दोन्हींवर सारखीच येतात.

आणखी एक. परदेशातून येणाऱ्या पाहुण्याला बी खिशात घालून आणायला सांगू नका. परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बियाणं आणायला आपल्या कायद्यानं बंदी आहे. तिला कारणही आहे. १९५०च्या दशकात पुण्यात गाजरगवताची नोंद झाली, तेव्हा तेही एक परकं रोपटंच होतं. आज बांधावर दुसरं काय दिसतं?

सर्दीवर त्याचा उपयोग होतो का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला भरपूर अभ्यास झाले आहेत. २००५ साली अमेरिकेत सुमारे चारशे तरुण स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडला. काहींना इचिनेशियाचा अर्क दिला, काहींना दिसायला तसंच पण औषध नसलेलं द्रव्य. दोन्ही गटांत सर्दी सारखीच झाली. २०१० साली ७१९ रुग्णांवर चाचणी झाली. सर्दीचे दिवस म्हणण्याइतके कमी झाले नाहीत. २०१४ साली कॉक्रेन या संस्थेनं २४ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात साडेचार हजारांहून अधिक लोक होते. निष्कर्ष असा की सर्दी बरी करण्यात ठोस फायदा दिसत नाही. सर्दी टाळण्यात कदाचित थोडासा असेल, पण तोही खात्रीनं सांगता येत नाही.

मग मुलीला, शेजारणीला, मेव्हण्याला गुण आला तो कसा?

सर्दी आपोआप बरी होते म्हणून. सात ते दहा दिवसांत ती जातेच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, म्हणजे त्रास सगळ्यात जास्त असताना, आपण काहीतरी घेतो. त्यानंतर उतार पडणारच असतो. श्रेय मात्र हातातल्या बाटलीला किंवा काढ्याला मिळतं. माझ्या गोळ्यांनाही हे फुकटचं श्रेय अनेकदा मिळतं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

'नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?'

हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. उत्तर आहे: काही जणांना होतो.

पहिलं, ॲलर्जी. आपल्या भागात गाजरगवतानं चेहरा, पापण्या, मान यांवर खाज आणि चट्टे येणारे रुग्ण भरपूर आहेत. गाजरगवत आणि कोनफ्लॉवर एकाच कुळातले. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचा त्रास होऊ शकतो. अशांनी हे रोप हातमोजे घालून हाताळावं आणि पोटात तर मुळीच घेऊ नये.

दुसरं, लहान मुलं. २ ते ११ वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेली चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. सर्दीत फायदा झाला नाही, उलट अंगावर पुरळ येणाऱ्या मुलांचं प्रमाण इचिनेशिया घेतलेल्या गटात जास्त होतं. २०१२ साली ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी १२ वर्षांखालील मुलांना ते पोटात देऊ नये असा सल्ला दिला.

तिसरं, आधीचे आजार. संधिवात, ल्युपस यांसारखे आजार असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्यांनी हे टाळावं. गुरुजींच्या गोष्टीत विशेष बोचणारी बाब अशी की, जर्मनीत या वनस्पतीच्या वापराबद्दल जी अधिकृत सूचना दिली गेली, तिच्यात ज्या आजारांत ती घेऊ नये असं म्हटलं होतं त्या यादीत क्षयरोगाचं नाव होतं.

आणि घरच्या पानांत औषधी द्रव्य किती, हे तर कुणालाच माहीत नसतं. चाचण्यांत वापरलेला अर्क मोजून केलेला असतो. कुंडीतली दोन पानं म्हणजे किती मात्रा, हे ना तुम्ही सांगू शकता, ना मी.

मी झाडपाल्याच्या विरोधात आहे का?

अजिबात नाही. मलेरियावरचं क्विनीन सिंकोना झाडाच्या सालीतून आलं. हृदयासाठीचं डिगॉक्सिन डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडाच्या पानांतून मिळतं. आपल्याच आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी बांधव पिढ्यानपिढ्या हिरडा गोळा करत आले आहेत. कोणतं फळ कधी तोडायचं, कसं वाळवायचं, बाळहिरडा कोणता, हे त्यांना डोळे मिटून कळतं. त्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. मोबाईलवर फोटो बघून ओळखलेलं झाड आणि मेसेजमध्ये आलेली मात्रा, याला ते ज्ञान म्हणता येत नाही. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे झाले. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्याला आक्षेप घेतला. ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद क्षणभर बाजूला ठेवू. मंत्रालयाचं म्हणणं बरोबर धरलं तरी सामान्य माणसासाठी अर्थ तोच निघतो: कुंपणावरची वेल नक्की कोणती हे आपल्याला ओळखता येत नाही, म्हणून ती स्वतःच्या मनानं उकळून पिऊ नये. आयुर्वेदिक औषध घ्यायचं असेल तर वैद्यांकडून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांनाही तसं सांगा.

या फुलाची एक जुनी गोष्ट

१८८०च्या दशकात अमेरिकेत नेब्रास्का राज्यात मेयर नावाचे एक औषधविक्रेते होते. ते इचिनेशियाचं 'रक्तशुद्धी'चं औषध विकत. त्यांचा दावा होता की त्यानं विषारी रॅटलस्नेकचा दंशही बरा होतो. इतका विश्वास, की सिनसिनाटीच्या एका नामांकित औषधशास्त्रज्ञासमोर स्वतःला साप चावून घेऊन औषध सिद्ध करून दाखवायची तयारी त्यांनी दाखवली. समोरच्यांनी तो प्रयोग नाकारला. पुढे त्या औषधावर मोठा व्यापार उभा राहिला.

ही गोष्ट वाचून हसू येतं. पण मला जुन्नर तालुक्यात बसून हसता येत नाही. साप चावल्यावर पाला वाटून लावलेले, मंत्र घातलेले आणि मग उशिरा आणलेले रुग्ण इथल्या प्रत्येक डॉक्टरनं पाहिले आहेत.

पाल्यानं काही जण 'बरे' होतात ते का? कारण बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो. असा माणूस काहीही न लावता बरा झाला असता. इथेही श्रेय पाल्याला मिळतं, जसं सर्दीत काढ्याला. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरशानं विष सोडलं असेल तर मात्र पाल्याला त्यातलं काही उतरवता येत नाही. एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशानं गेली. आपल्या नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारात आणि जनजागृतीत अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांच्यासारख्या डॉक्टरांचं सांगणं एकच असतं: वेळ घालवू नका.

बाग म्हटली की साप आलाच. म्हणून बागकाम करणाऱ्यांसाठी:

- विटा, लाकडं, पालापाचोळा यांचे ढीग घराच्या भिंतीला लागून ठेवू नका. तिथे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.
- कुंडी उचलताना आधी काठीनं हलवा. हातमोजे आणि बूट घाला.
- अंधार पडल्यावर अंगणात जाताना बॅटरी घ्या. दाराजवळ दाट झुडूप वाढू देऊ नका. आपला भाग बिबट्याचाही आहे.
- रात्री जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी वापरा. मण्यार बहुधा रात्रीच चावते. जागा फारशी सुजत नाही आणि दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येणं, पापण्या जड होणं ही तिची लक्षणं असू शकतात.
- साप चावलाच तर घाबरू नका, धावू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. हाड मोडल्यावर बांधतो तसा हात किंवा पाय पट्टीनं स्थिर करा. करकचून आवळू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. साप पकडण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं सापाच्या विषावरची लस असलेल्या रुग्णालयात जा. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. जवळ ती कुठे असते, हे आजच विचारून ठेवा.

माझं मत थोडक्यात

अंगणातल्या झाडांची औषध म्हणून परीक्षा आपण नेहमी आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारांवर घेतो. त्या परीक्षेत प्रत्येक झाड पास होतं. मग त्याच भरवशावर आपण त्याला क्षयाच्या, न्यूमोनियाच्या, घोणसाच्या समोर उभं करतो. तिथे किंमत झाड मोजत नाही, आपण मोजतो.

म्हणून दोन नियम घरातल्या सगळ्यांना पाठ करायला सांगा. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला असेल, सोबत ताप, वजन कमी होणं किंवा थुंकीतून रक्त असेल, तर थुंकी तपासा. सरकारी रुग्णालयात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपयेही मिळतात. आणि साप चावला तर एक मिनिटही वाट बघू नका.

बाकी बाग जरूर करा. ज्यांना मी रोज चाला म्हणून सांगून दमलो, ती माणसं बागेसाठी रोज तासभर वाकतात, उठतात, पाणी घालतात. साखर आणि रक्तदाब दोन्हींना ते बरंच. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र घेतलेलं असू द्या आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतील.

गुरुजींनी कोनफ्लॉवरचं रोप आणलंच. पडवीत कुंडीत आहे. उपचार संपल्यानंतर ते शेवटच्या तपासणीला आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, एक फूल आलंय. एकच. मुलीला फोटो पाठवला."

"आणि काढा?"

"नाही हो. त्याला नुसतं बघत बसतो."

मी म्हटलं, "मात्रा अगदी बरोबर आहे. चालू ठेवा."